मे महिन्याची वाट पाहणारी लॅब

सकाळचे सव्वाअकरा. महिना मे. नागपुरातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजची दुसऱ्या मजल्यावरची लॅब. बाहेर पंचेचाळीस डिग्री. आत खिडक्या बंद, पंखा बंद, आणि कोपऱ्यातल्या कूलरची वायर गुंडाळून वर ठेवलेली.

मी जन्मभर वार्ताहरकी केली. अशा खोलीत शिरलं की बातमी आपोआप दिसते. एक महिला शास्त्रज्ञ घामानं निथळत मशीनपुढे बसली आहे, आणि खाली प्राचार्यांच्या केबिनमध्ये एसी घरघरतोय. मी वही काढली.

"मॅडम, हा अन्याय आहे. उद्या पहिल्या पानावर घेतो."

मेश्राम मॅडम स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या, "आधी बसा. कूलर मीच बंद करायला लावला आहे. आणि थोडे मागे सरका, तुमच्या घामाचाही त्रास होतो."

कोणाला, ते त्यांनी नंतर सांगितलं. मशीनला.

मॅडमचा विषय टेराहर्ट्झ. म्हणजे मायक्रोवेव्ह आणि प्रकाश यांच्या मधल्या पट्ट्यातल्या लहरी. या लहरींचं पाण्याशी हाडवैर. हवेत थोडी वाफ असली तरी ती लहर वाटेतच पिऊन टाकते. एरवी मॅडम याच वैराचा उपयोग करतात. संत्र्याच्या पानातून लहर सोडली की किती आरपार गेली आणि किती पानानं खाल्ली, यावरून झाड किती तहानलेलं आहे ते कळतं. पारशिवनीच्या एका बागेतली पानं त्यांच्याकडे येतात. पण खोलीतली हवा कोरडी हवी. नागपुरी कूलर ओल्या खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, जाळीतून दमट हवा फेकतो. तो लावला की सिग्नल मेला.

"अख्खं नागपूर मे महिन्यात पळून जायला बघते," मॅडम म्हणाल्या. "आम्ही अकरा महिने मेची वाट पाहतो."

माझी पहिल्या पानाची बातमी तिथेच गेली.

*

छापलेली बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. न छापलेली वहीत राहते. एकाच ठिकाणी दहा-बारा वर्षं जात राहिलं की अशा न छापलेल्यांचा ढीग साचतो. त्या लॅबच्या नावाची माझी अख्खी वही भरली आहे. त्यात माणसं दोनच. एक मॅडम, दुसरे लॅब अटेंडंट रामटेकेभाऊ. तिसरा मी, पण मी चहापुरता.

*

टेराहर्ट्झच्या आधी मॅडम मायक्रोवेव्हवर काम करत. धानात ओल किती आहे, हे पोतं न उघडता सांगणारं यंत्र त्यांनी बनवलं होतं. ते घेऊन त्या मौद्याला एका व्यापाऱ्याकडे गेल्या. व्यापारी असा की दाणा दाताखाली धरायचा आणि ओल सांगायचा. आयुष्यभर त्यानं दुसरं काही वापरलं नव्हतं.

मॅडमनी यंत्र लावलं. अँटेना, वायरी, बॅटरी, जुळवाजुळव. पाऊण तासानं आकडा आला. तेवढ्यात व्यापाऱ्यानं पोत्यातून दाणा काढून कट्कन चावला आणि आकडा सांगितला. तोच.

दुसरं पोतं. पुन्हा तोच. तिसरं पोतं, तेच.

व्यापाऱ्यानं यंत्राभोवती एक फेरी मारली आणि मनापासून म्हणाला, "मॅडम, मशीन चांगली हाय. पण तुमचा दात लय मोठा हाय, उचलून आणा लागते."

मॅडम हा किस्सा प्रत्येक नव्या बॅचला पहिल्या तासाला सांगतात. स्वतःच्या यंत्राची अशी टिंगल करणारा दुसरा शास्त्रज्ञ मी पाहिला नाही. बाकीचे आम्हाला प्रसिद्धिपत्रक पाठवतात.

*

हवा कोरडी आहे की नाही, हे मोजायचा मीटर लॅबनं मागितला होता. मागणीपत्र तीन वर्षं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत होतं. मी त्या टेबलांची नावं छापू का विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, "नका. आमचं अडलेलं नाही. रामटेकेभाऊंनी सोय केली आहे."

सोय म्हणजे मुगाचा पापड.

रोज सकाळी रामटेकेभाऊ एक कच्चा पापड मशीनशेजारी उभा करून ठेवत. अर्ध्या तासानं त्याला बोटानं टिचकी मारत. कडक वाजला तर मशीन सुरू. वाकला तर, "मॅडम, पापड नरम होऊन राहिला. आज नका लावू."

शेवटी मीटर आला. महिनाभर दोघांची तुलना झाली. पापड एकदाही चुकला नाही. मीटर दोनदा बंद पडला.

एकदा परदेशी प्राध्यापक लॅब बघायला आले होते. त्यांनी वाकून विचारलं, हे कोणतं उपकरण? मॅडमनी गंभीरपणे सांगितलं. त्यांनी फोटो काढला, मग अदबीनं विचारलं की हे कुठं विकत मिळेल.

रामटेकेभाऊ मला म्हणाले, "त्याले सांगा ना साहेब, आमच्या घरच्या बाया करतात."

*

कॉलेजच्या एका कार्यक्रमात एक बडे अधिकारी प्रमुख पाहुणे होते. त्यांना मशीन दाखवायचं ठरलं. किती लहर आरपार पोचली ते दाखवणारी स्क्रीनवरची रेघ सगळ्यांना दिसावी म्हणून भिंतीवर मोठी करून टाकली. साहेब नेमके लहरीच्या वाटेला लागून उभे राहिले आणि बोलायला लागले.

साहेब बोलले की रेघ खाली. थांबले की वर. तोंडाची वाफ, दुसरं काय. मुलांच्या ते लगेच लक्षात आलं. "विकसित भारत" म्हणताना रेघ पार तळाला गेली तेव्हा मागच्या रांगेत हसू फुटलं. साहेबांना वाटलं भाषण रंगतंय. त्यांनी आणखी वीस मिनिटं लावली.

मॅडमनी चिठ्ठी पाठवली, इशारे केले. मग उठल्या आणि नम्रपणे म्हणाल्या, "सर, फारच छान. फक्त श्वास तेवढा त्या बाजूला सोडाल का?"

इतकी वर्षं मी भाषणांच्या बातम्या लिहिल्या. भाषणात काय होतं, हे इतकं अचूक मोजलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं.

*

आता माझी चूक. मी ती चूक मानत नाही, पण मॅडम मानतात.

गेल्या वर्षी कॉलेजनं लॅबला खोली रिकामी करायची नोटीस दिली. तिथं स्मार्ट क्लासरूम करायची होती. मॅडमच्या निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. मशीनचं टेबल एकदा हललं की लहर वळवणारे आतले आरसे पुन्हा जुळवायलाच ती दोन वर्षं गेली असती. म्हणजे खोली गेली की काम संपलं. पारशिवनीच्या बागेचा एकच मे मोजून झाला होता, तुलनेला दुसरा हवा होता. मॅडम भांडल्या नाहीत. त्यांनी फक्त लिहून दिलं की आधी कोणी तरी काम पाहून जा, मग ठरवा. त्यावरून बाहेरच्या तीन जणांची समिती नेमली गेली.

भांडायचं काम मी केलं. चार कॉलमी बातमी लिहिली, प्राचार्यांना चांगलं धारेवर धरलं. त्यात एक वाक्य होतं: "या लॅबमध्ये साधा चालू कूलरही नाही." वाक्य शब्दशः खरं होतं. ते मी आजही परत घेत नाही.

समिती सोमवारी अकराला आली. मीही गेलो. जिन्यातच गार वारा लागला. बातमी प्राचार्यांना झोंबली होती. त्यांनी सकाळी सातपासून लॅबमध्ये दोन मोठे कूलर लावून दिले होते, नवं कोरं खस टाकून. रामटेकेभाऊ दाराशी उभे होते. हातातला पापड त्यांनी मला दाखवला. तो रुमालासारखा लोंबत होता.

"काहून लिहिलं साहेब तुमी?" एवढंच म्हणाले.

भिंतीवरची रेघ सपाट होती. मॅडम समितीच्या अध्यक्षांना म्हणाल्या, "सर, कूलर बंद करून तीन तास थांबलात तर दाखवता येईल."

"राहू द्या हो, किती छान गार आहे," अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही तोंडीच सांगा."

"तोंडी सांगायला मशीन कशाला लागतं?"

चहा झाला. समोसे झाले. समितीच्या फायली रामटेकेभाऊंनी गाडीत नेऊन ठेवल्या. समिती साडेअकराला गेली. दुपारी मॅडमनी पुस्तकं खोक्यात भरायला घेतली. मी मदतीला वाकलो तर म्हणाल्या, "तुम्ही राहू द्या. तुमची मदत झाली आहे."

*

पंधरा दिवसांनी अहवाल आला. लॅब आहे तिथेच ठेवावी, काम चालू राहावं, अशी शिफारस. नोटीस रद्द झाली. खोकी उघडली. या मे महिन्यात पारशिवनीची पानं पुन्हा त्याच टेबलावर मोजली गेली. काल मी गेलो तेव्हा मॅडम घामानं निथळत होत्या आणि गाणं गुणगुणत होत्या.

अहवालाला एक आलेख जोडला आहे. संत्र्याच्या पानाचा, याच मशीनचा. समितीनं शिफारस त्याच्याच आधारावर केली आहे, तसं लिहिलंय. मॅडमनी तो खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला.

"हा मी काढलेला नाही," त्या म्हणाल्या. "इतकी स्वच्छ रेघ मला वर्षभरात मिळाली नाही."

लॅबच्या किल्ल्या दोन. एक मॅडमकडे, एक रामटेकेभाऊंकडे. रामटेकेभाऊंना विचारलं तर म्हणाले, "मले त मशीन पुसता येते फक्त," आणि पुसायला लागले.

मॅडमचा स्वभाव असा की त्यांनी त्याच दिवशी प्राचार्यांना लेखी कळवलं: आलेख माझा नाही, तो कोणी काढला याची चौकशी व्हावी, हवं तर समितीनं पुन्हा यावं. प्राचार्य म्हणाले, "लॅब वाचली ना मॅडम? मग?" पत्राला उत्तर आलेलं नाही.

मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. उत्तर एका ओळीचं आलं: सदर आलेख समितीने भेटीच्या वेळी प्रत्यक्ष पाहिला आहे.

भेट सोमवारी अकरा वाजता झाली. आलेखाच्या कोपऱ्यात मशीननं छापलेली वेळ आहे, आदला दिवस, रविवार, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं.