पायरीवर मांडलेल्या चपला

ती संध्याकाळ आठवली की आजही माझे कान गरम होतात. जुन्नरला मी नवी फौजदार होते. गणवेशाची इस्त्री कडक, चालणं त्याहून कडक. आज तेव्हाची मी समोर आले, तर टोपी उचलून खाली डोकं आहे का ते आधी बघेन.

बाजारात दिवेलागणीची गर्दी होती. ठाण्यात फोन आला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "कापडदुकानाच्या माडीवर बाया चालल्यात. वीस-पंचवीस असतील. पण दारात चप्पल एक नाय. बघा काय ते."

त्या दिवशी फुटबॉलचा मोठा सामना होता आणि सट्ट्यावर लक्ष ठेवा, असा वरून निरोप होता. मी लगेच सूत जुळवलं. चपला लपवल्या म्हणजे धंदा लपवला. स्टेशन डायरीत नोंद केली, हवालदार आणि दोन पंच साक्षीदार घेतले आणि गाडी थेट दुकानाच्या दाराशी लावली.

माडीवर अंधार. भिंतीवर पांढरं कापड ताणलेलं, त्यावर सामना चाललेला. सतरंजीवर बाया, त्यांच्या मांडीवर लेकरं, मधे भडंगाची परात. चपला कोपऱ्यात, गोणीत. मी दिवे लावले आणि ओरडले, "कुणी हलायचं नाही."

हलणार कोण? त्याच मला हाताने बाजूला व्हायला सांगत होत्या. मी चित्राच्या मधे उभी होते.

दुकानाच्या मालकीणबाई जैन घरातल्या, सगळे त्यांना भाभी म्हणत. त्यांना मी बाजूला घेतलं.

"सट्टा कोण घेतं?"

"मॅडम, आमच्याकडे कांदा नाही, लसूण नाही. सट्टा कुठून येईल?"

"मग चपला का लपवल्या?"

"चौकातल्या पडद्यापुढं पिऊन धिंगाणा असतो. तिथं लेकराला घेऊन बाई बसेल का? म्हणून इथं बोलावते. घरी सगळ्या सांगतात, साडी बघायला चाललो. पायरीवर चपला दिसल्या, की वर कोण आहे ते अख्ख्या बाजाराला कळतं."

मागून हवालदार सामन्याकडे बघत पुटपुटले, "ऑफसाइड हाय, मॅडम." मला वाटलं, माझ्याबद्दलच म्हणाले.

झडतीत काही मिळालं नाही. हात जोडून खाली उतरायचं, एवढंच काम उरलं होतं. पण पंचांसमोर रिकाम्या हाताने जायचं माझ्या जिवावर आलं. नावं लिहून घ्यायचं ठरवलं. एकही बाई नाव सांगेना. मग मला अक्कल सुचली. गोणी खाली नेली, चपला पायरीवर जोडीजोडीने मांडल्या आणि हुकूम सोडला: एकेकीनं यायचं, नाव सांगायचं, चप्पल घालून जायचं.

भाभी म्हणाल्या, "एवढं नका करू. हवं तर मला ठाण्यात न्या."

मी ऐकलं नाही.

पोलिसांची गाडी बघून बाजार गोळा झालाच होता. पिंपळवंडीचा एक माणूस भाजीची पिशवी खाली ठेवून वाकला. निळ्या पट्ट्याची, टाके घातलेली एक चप्पल त्याने उचलली. "ही आमच्या घरातली हाय." त्याची बायको लेकीचा हात धरून खाली आली. शाळेच्या संघात खेळणारी ती पोरगी म्हणाली, "पप्पा, मॅच संपायची हाय अजून."

"उद्यापास्नं खेळ बंद," तो म्हणाला.

आणि मी त्या बाईचं नाव वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं.

पुढच्या सामन्याला माडीवर कुणी आलं नाही. फोन करणारा चौकातल्या पडद्यामागच्या बारचा मालक निघाला. पोलिसांची नजर आपल्या पडद्यावरून दुसरीकडे वळावी, एवढंच त्याला हवं होतं. हा छडा मात्र मी अर्ध्या दिवसात लावला.

भाभींकडे माफी मागायला गेले. त्यांनी पाणी दिलं आणि विचारलं, "डायरीत काय लिहिलंत?"

"गैर काही आढळलं नाही."

"ती डायरी पिंपळवंडीत कोण वाचतं, मॅडम?"

पिंपळवंडीला मी जायला हवं होतं. गेले नाही. बंदोबस्त होता, बैठका होत्या. खरं म्हणजे तोंड नव्हतं.

वरिष्ठांनी मला एका शब्दानेही विचारलं नाही. त्या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच, की माणसं दोन तासांची मोकळीकसुद्धा लपवून ठेवतात, आणि पोलिसाला रिकाम्या हाताने परत फिरता आलं पाहिजे. शिकले, पण त्या पोरीच्या पुढचे सामने बुडवून.

परवा नात म्हणाली, "आजी, मोठी मॅच आहे. घरातल्या सगळ्यांनी जाऊन बघावी अशी एकही जागा नाही का गं आपल्याकडं?"

"होती. मी बंद केली."

"का?"

सगळ्या नोकरीत हा प्रश्न मी समोरच्याला विचारला, आणि उत्तर मिळेपर्यंत कुणाला जागचं उठू दिलं नाही. मी चहा टाकायला उठले.