तळहातावरची डाळ

मूठभर डाळ उजव्या तळहातावर पसरायची, तो तळहात आमच्या नाकाखाली धरायचा आणि म्हणायचं, "काय दिसायलंय? तूच सांग." अक्काचं हे रोजचं होतं. एकेकीला दिवसातून चार-चार वेळा.

बीदरला नौबादच्या बाजूला एक डाळमिल होती. तिथल्या शेडात आम्ही तीसेक बायका सुपं घेऊन तुरीची डाळ निवडायचो आणि अक्का आमच्यावर मुकादम होती. उंच, हाडकुळी, हातभर गोंदलेली. अशी माणसं तुम्हीही कामावर पाहिली असतील. कामात पक्की, आणि शक्यतो वाटेला जाऊ नये अशी.

सुरुवातीला ती विचारत नसे. दहा हात लांबून तिला खडा दिसायचा, आणि दिसला की सुपाची कड पाठीत बसायची. मी नवी असताना माझ्या सुपात डाळीच्याच रंगाचा एक खडा राहिला. तिनं तो उचलून माझ्या हातावर ठेवला. "चाव," म्हणाली. सगळ्या बघत होत्या. मी चावला. दाढ फुटली. "आता जल्मात विसरायची न्हाईस," असं म्हणून ती पुढच्या बाईकडे गेली.

खरंच विसरले नाही.

मग मालकाचा थोरला मुलगा शिकून आला. त्यानं सगळ्या मुकादमांना गुलबर्ग्याला चार दिवसांच्या वर्गाला पाठवलं. हाताखालच्या माणसाला तयार कसं करायचं ते शिकवणारा वर्ग. मारायचं नाही, ओरडायचं नाही, चूक आपण दाखवायची नाही. नुसतं विचारत राहायचं, म्हणजे ज्याची चूक त्यालाच सापडते. अक्का शिक्क्याचा कागद घेऊन परत आली. कागद काचेत घालून शेडात लावला आणि दुसऱ्या दिवसापासून "काय दिसायलंय?" सुरू झालं.

"अक्का, त्याच्यापरीस मारच की," एक जण म्हणाली. "लवकर उरकतंय."

आम्ही हसलो. अक्का हसली नाही. "मारलं की तू माझ्याकडं बघतीस," म्हणाली. "डाळीकडं बघ."

खोटं कशाला सांगू, त्या विचारण्यानं आम्ही तयार झालो. ती हात पुढे करणार म्हणून आधीच चारदा बघायचो. मिलचा माल परत यायचा थांबला. माझी नजर तर अशी बसली की सूप नुसतं हलवलं तरी खडा कुठे आहे ते कळायचं. थोरला पाहुण्यांना शेड दाखवायला आणू लागला. वर्गाचा असा उपयोग दुसऱ्या कुणी केला नाही, असं अक्काकडे बोट करून सांगायचा.

एकदा माझ्या गळ्यातली काळी पोत तुटली. मणी डाळीत सांडले. मी वेचले, एक राहिला. अक्कानं मूठ भरली ती नेमकी त्याच्यासकट. पिवळ्या डाळीत काळाभोर मणी, तळहाताच्या मधोमध.

"काय दिसायलंय?"

मी गंमत म्हणून म्हणाले, "कायबी न्हाई, अक्का."

"बरं," म्हणाली, आणि मूठ परत सुपात सोडली.

तेव्हा कळलं. तिचे डोळे गेले होते. आम्ही शिकावं म्हणून ती विचारत असेलही, पण तिला दिसत नव्हतं म्हणूनही विचारत होती. गुलबर्ग्याचा वर्ग तिला फार वेळेवर मिळाला होता.

मी कुणाला बोलले नाही. घरी तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, दोघांचं पोट तिच्या या कामावर. डोळ्यांचं कळलं असतं तर त्याच दिवशी ती बाहेर झाली असती. मी गप्प राहिले ती दया आली म्हणून नव्हे. चांगला दिवस बघत होते.

हैदराबादचा व्यापारी माल बघायला आला, तो दिवस मी धरला. अक्काची मूठ सुपात कुठून भरते ते मला ठाऊक होतं. तिथेच खडे पेरून ठेवले. थोरला व्यापाऱ्याला घेऊन आला. अक्कानं मूठ भरली, तळहात माझ्यापुढे धरला.

"काय दिसायलंय? तूच सांग."

"साफ हाय, अक्का."

तिनं तो हात तसाच व्यापाऱ्यापुढे केला. "बघा, सायेब."

व्यापाऱ्यानं एकेक खडा उचलून तिच्या दुसऱ्या हातावर ठेवला. सहा निघाले. थोरल्याचा चेहरा उतरला. "अक्का, तुम्हाला दिसत नाही का?"

अक्कानं खडे मुठीत आवळले. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "हिला इचारा. हिची नजर मी तयार केलीय. ही सांगंल."

त्यानं मला विचारलं.

"न्हाई दिसत," मी म्हणाले. "लई दिवस झाले."

दुपारच्या आत तिला कामावरून काढलं. मुकादमकी मला मिळाली, कारण शेडात सगळ्यांत चांगली नजर माझीच होती. मी कुणाला विचारत बसले नाही. मला दिसायचं, मी सुपाची कड मारायची. माझ्या हाताखाली एकही बाई तयार झाली नाही. माल पुन्हा परत यायला लागला. तिचा कागद मात्र काचेत तसाच होता.

काही वर्षांनी मी मन्नाएखेळ्ळीच्या बसथांब्यावर गाडीची वाट बघत उभी होते. भर दुपार. लिंबाखाली दगडावर अक्का बसलेली, हातात काठी, डोळे दुधासारखे. गाडी आली तशी ती उठली आणि शेजारी कोण उभं आहे ते न कळता म्हणाली, "बाई, मला चिटगुप्प्याला जायचंय. ही कुठली गाडी हाय? पाटी वाच की."

पाटी कानडीत होती. तेवढं कानडी मला येतं.

"चिटगुप्पा," मी म्हणाले.

तिनं मान वळवली. आवाज ओळखला होता. "नीट बघ," म्हणाली. "काय दिसायलंय?"

"चिटगुप्पाच हाय, अक्का. चढ. मीबी तिकडंच जायलेय."

ती परत दगडावर जाऊन बसली.

मी चढले, खिडकीशी जागा मिळाली. गाडी हलली तेव्हा अक्का एका माणसाला काहीतरी विचारत होती. त्यानंही चिटगुप्पाच सांगितलं असणार, कारण ती उठली, दोन पावलं पुढे आली आणि काठी वर केली. मी कंडक्टरला थांब म्हणाले नाही.

बराच वेळ ती काठी वरच होती. माझी नजर चांगली, मला लांबपर्यंत दिसत राहिली.