ताईनं लिहू न दिलेली ओळ

मी बीएस्सी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे इथं लिहिताना संकोच वाटतो... काही चुकलं तर सांभाळून घ्या. भूत, करणी, बाहेरचं — यातलं काही मी कधी मानलं नाही. तलावाच्या पाळीवर अंधार पडल्यावर गावातले लोक जात नाहीत, मी जायचो. रेंज तिथंच मिळते. आणि जे झालं ते भर दुपारी, आमच्या अंगणात, चार माणसांसमोर झालं.

गाव गोंडपिपरी तालुक्यातलं. बाबा तलावात मासे धरतात, थोडी धानाची शेती आहे. माझा लॅपटॉप जुना, कॉलेजच्या एका सीनियरकडून घेतलेला. गावातले निम्मे लोक आपले ऑनलाइन फॉर्म त्यावरच भरून घ्यायचे.

माझी मोठी बहीण सुनीताताई पाच वर्षांच्या मुलीला घेऊन मोहर्लीहून माहेरी आली होती. भाऊजी तिथं सफारीची जिप्सी चालवतात. ते तिला मारायचे. एका दुपारी ती माझ्याजवळ बसली आणि पोलिसांत द्यायचा अर्ज सांगू लागली. ती बोलायची, मी ते पुस्तकी मराठीत टाइप करायचो. शेवटी म्हणाली, "मले परत धाडाचंच असन, तं आधी मह्या पोरीले तुमच्याजवळ ठेवून घ्या." मी टाइप करणार, तेवढ्यात तिनं माझा हात धरला. "हे नोको लिहू, बाबू. त्यायले समजलं तं ते पोरीलेच धरतीन."

मी ती ओळ लिहिली नाही.

मग सगळा अर्ज वाचून दाखवला तर ती घाबरलीच. पुसून टाक म्हणाली. मी तिच्यासमोर फाइल डिलीट केली, रिसायकल बिनही रिकामा केला. कुठे राहिलं तर नाही ना, हे तिनं दोनदा विचारलं. मी हसलो. "ताई, मी तेच तं शिकून राह्यलो."

आठवड्याभरात बैठक बसली. आमच्याकडे बैठकीत दोन्हीकडची मोठी माणसं असतात, आणि पहिला प्रश्न कागदाचा असतो. कागद म्हणजे पोलिसांत, कोर्टात दिलेलं काहीही. कागद झाला असेल तर बैठक तिथंच मोडते. बाबांनी सगळ्यांसमोर शब्द दिला की आमच्या पोरीनं कुठे कागद केला नाही. ते खोटं नव्हतं. मग ठरलं — धान घरात येईपर्यंत ताई आणि मुलगी इथंच राहतील, पुढचं पुढे. ताई आत चहा ठेवायला गेली. कितीतरी दिवसांनी तिच्या चालण्यात जीव दिसला मला.

चहा पिताना भाऊजी म्हणाले, "काय साहेब, तुमची मशीन चालते, का नुसती चार्जच होते?" त्यांना लायसन्सचा फॉर्म भरून हवा होता. मी लॅपटॉप आणून त्यांच्यापुढे उघडला.

स्क्रीनवर ताईचा अर्ज होता. फाइल नव्हे — फोटोसारखा. कर्सर हलेना, कुठलंही बटण चालेना. खाली कोपऱ्यात अर्ज लिहिला त्या दुपारची तारीख आणि वेळ. आणि अर्जाच्या शेवटी ती ओळ... बाकी सगळं माझ्या भाषेत, ती ओळ मात्र ताईच्या बोलीत, ती बोलली होती तशीच.

मी झाकण लावेपर्यंत भाऊजींनी वाचलं होतं. ती ओळ त्यांनी मोठ्यानं म्हणूनही दाखवली. मग कप खाली ठेवला, खाटेवर खेळणाऱ्या मुलीला उचललं आणि मोटरसायकलवर पुढे बसवलं. जाताना बाबांना म्हणाले, "कागद नाई म्हनत होते ना, मामाजी?" ताई अनवाणीच धावली आणि त्यांच्या मागे गाडीवर बसली.

पुढे कॉलेजच्या लॅबमध्ये ऐकलं, की काही नव्या कॉम्प्युटरमध्ये एआय दर थोड्या वेळानं स्क्रीनचा फोटो काढून ठेवतो आणि विचारलं की शोधून देतो. त्यात पासवर्डही येऊ शकतात, लोकांच्या घरच्या गोष्टीही, म्हणून बरेच जण ते बंद करून ठेवतात. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. निदान कारण तरी सापडलं. सरांना लॅपटॉप दाखवला. त्यांनी सगळं उघडून पाहिलं. म्हणाले, ते फीचर या मशीनवर चालणारच नाही, त्याला लागणारी चिप यात नाही. एकही फोटो साठवलेला नव्हता. आणि फोटो निघालाच असता तरी, जे टाइपच केलं नाही ते त्यात कसं येईल? हे मी सरांना विचारलं नाही. विचारवलं नाही.

त्या दिवसापासून मी कोणाचाही फॉर्म भरत नाही.

आठ महिन्यांनी ताई मुलीला घेऊन मोहर्लीहून निघाली. घरी आली नाही. चंद्रपुरात खोली करून राहते, एका मेसमध्ये पोळ्या करते. मी भेटायला गेलो, तेव्हा तिनं आत बोलावलं नाही. दारातच उभी राहिली.

"ते गोष्ट मी फक्त तुह्याजवळ बोलली होती."

"मी नाई लिहिली, ताई. मी नाई दाखवली."

"मंग त्यायले कशी दिसली?"

मी म्हणालो, माहीत नाही. पोळ्यांची वेळ झाली म्हणत तिनं दार लावून घेतलं.

तुमच्यापैकी कोणाला यातलं काही कळत असेल तर कृपया सांगा. दर रविवारी मी चंद्रपूरला जायचं ठरवतो, आणि तिला काय सांगू ते सुचत नाही म्हणून राहून जातं.