खांद्यावरचा तिरका टाका

माझ्या पदकासाठी साक्ष दिली ती अमरावतीच्या बाजारात कापसाची पोती शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याने. कापसाला सोन्याचा भाव होता, म्हणून पलटण सुटल्यावर मी कोकणातल्या माझ्या गावी न जाता तिथे हमाली धरली होती. जायचे तरी कसे? पलटणीच्या दप्तरात मला लढाईत नव्हे, मागे सामानाजवळ दाखवले होते. पदक नाही, म्हणून गाव मला पळपुटा म्हणे.

म्हातारा दाभण थांबवून माझ्या उघड्या खांद्यावरच्या जखमेच्या वणाकडे टक लावून बघे. एकदा त्याने लढाईची हकीकत खोदखोदून विचारली. वाटले, ती पाठ करून हाच माझे पदक लाटणार. मी पाठ फिरवून पोते उचलले.

"काहून भिऊन राह्यला बाप्पा? हे जखम म्याच शिवली. जखमी उचलनाऱ्या डोलीवाल्यायसंगं होतो मी. गोळ्या चालू होत्या, एक टाका तिरका गेला."

तरी साक्षीसाठी पलटणीच्या कचेरीत जाताना मी त्याच्यावर नजर ठेवून मागेच चाललो. साहेबापुढे तो तेच बोलला आणि दप्तर दुरुस्त झाले.

"बाबा, तुमचं पदक?" मी ओशाळून विचारले.

तो हसला. "डोलीवाल्याचं नाव कोन लिहिते?"

लढाईत तोही होता, हे त्याच साहेबापुढे एक दिवस मी शपथेवर सांगणार आहे.