रुपेल मास्तरांचा कोश आणि डेबुसीणबाईंची भट्टी

जर्मनीतल्या हाइनबाख गावच्या थेओबाल्ड रुपेल मास्तरांना सिगारचा वास सहन होत नसे, पण सिगारच्या रिकाम्या खोक्यांसाठी ते जीव टाकत. पोस्टमास्तरांनी एकदा सिगार बदलली, तर मास्तर त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले.

"अहो, जुनीच ओढा ना. या नव्या खोक्यात माझ्या चिठ्ठ्या मावत नाहीत."

पोस्टमास्तर भला माणूस. खोकत खोकत जुनीच ओढत राहिला.

मास्तर म्हणजे मोजे विणणाऱ्याचा मुलगा. पाद्री व्हावा म्हणून बापानं पोटाला चिमटा काढून त्याला विद्यापीठात धाडलं. तिथं प्रवचनातून देव काय सांगतोय ते राहिलं बाजूला, पाद्रीबुवा कोणता शब्द कोणत्या गावच्या थाटात बोलतात हेच हा टिपत बसला. शेवटी पाद्री झालाच नाही, भाषेचा पंडित झाला. पण पंडिताला बसायला विद्यापीठात खुर्ची लागते. ती दोनदा दुसऱ्याच कुणाच्या जावयाला मिळाली. मग रुपेल मास्तर गावी परतले, शाळेत लॅटिन शिकवू लागले आणि १८४९ च्या हिवाळ्यात त्यांनी हाइनबाखच्या बोलीचा कोश करायला घेतला.

कोशाचा नियम एकच, पण कडक. चिठ्ठीवर शब्द लिहायचा. तो कोण, कुणाला, कुठं आणि कोणत्या दिवशी म्हणालं ते लिहायचं. खाली तो ऐकणाऱ्या तिघांची नावं. तीन साक्षीदार नसले तर शब्द कितीही गोड असो, कोशाबाहेर. ज्यानं शब्द दिला त्याचं नाव गाळणं मास्तरांना चोरीइतकं वाईट वाटे. बावीस वर्षं ते नदीवरच्या धुण्यापाशी, दारूच्या गुत्त्यात, डुकरांच्या बाजारात कान टवकारून उभे राहिले. लग्न करायचं राहूनच गेलं. चव्वेचाळीस खोकी भरली.

१८७१ मध्ये पहिल्या चार अक्षरांचा भाग छापून आला. गाव आता आपल्याला खांद्यावर घेणार, अशी मास्तरांची खात्री होती. विद्वानांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गावानं मात्र दोन दिवसांत सगळ्या प्रती उचलल्या, आणि तिसऱ्या दिवशी आग लागली.

आता चांगल्या शब्दांसाठी माणसं आवाज चढवत नाहीत. तिघांना ऐकू जातं ते भांडण. तेव्हा कोशात काय भरलं असणार ते सांगायला नको. खाटकिणीनं नगराध्यक्षाच्या बायकोला 'थुलथुलीत बदक' म्हटलं होतं, धुण्यावर, १८५८ च्या मे महिन्यात. ते छापलं होतं. नगराध्यक्षाच्या बायकोनं पाद्रीणबाईंच्या टोपीला काय म्हटलं, तेही. पाद्रीणबाई त्यावर काय म्हणाल्या ते तर छापायलाच नको होतं. जर्मन माणूस मार एकवेळ विसरेल, अपमान कधी विसरत नाही, आणि इथं तर तारखेसकट पुरावा. आठवड्यात नऊ फिर्यादी पंचांपुढं आल्या. पंच म्हणाले, "मी निवाडा करू शकत नाही. तिसऱ्या पानावर मीच आहे."

सगळ्यात जास्त वेळा नाव होतं डेबुसीणबाईंचं. चार अक्षरांत एकशे चौदा वेळा. आन्नामारी डेबुस, वय पन्नास, सुताराची विधवा, गावच्या सामाईक पावभट्टीची कारभारीण. तोंडाचा पट्टा सुटला की भट्टीआधी माणूस भाजून निघे. दर शनिवारी कुणी कितव्या नंबरावर भाजायचं याच्या सोंगट्या तिच्याच एप्रनमधून निघत. पहिला नंबर सगळे टाळत, कारण गार भट्टी तापवायला दुप्पट लाकूड लागे.

बाईंनी फिर्याद केली नाही. भट्टीच्या पायरीवर उभं राहून फर्मान काढलं.

"या मास्तरासमोर आजपासून गावची भाषा बंद. फक्त चर्चमधली शुद्ध भाषा. ज्याची जीभ घसरेल, त्यानं पुढच्या शनिवारी पहिली भट्टी तापवायची!"

लाकडाच्या धाकानं गावानं ते पाळलं. मास्तर गुत्त्यात शिरले की गप्पांचं प्रवचन होई.

"महोदयांस सफरचंदाची दारू अभिप्रेत आहे काय?" गुत्तेवाला विचारी.

"अरे हान्सजॉर्ज, तू मला लहानपणी चिखलात लोळवलंयस!"

"ती घटना स्मरणात आहे, महोदय. हवामान समाधानकारक आहे."

दोन वर्षं असं चाललं. मास्तर वाळले. पाचव्या अक्षरापासून पुढचं जमवलेलं होतं ते अपुरं, नव्या शब्दाला तिसरा साक्षीदार मिळेना. छापखानावाल्यानं कळवलं की ईस्टरपर्यंत पुढचा मजकूर आला नाही तर काम कायमचं बंद. बावीस अधिक दोन वर्षांचं आयुष्य चार अक्षरांवर थांबणार होतं, आणि मास्तर अठ्ठावन्न वर्षांचे होते.

शेवटी त्यांनी एका शनिवारी चोरासारखं वागायचं ठरवलं. पहाटे ते भट्टीघरात शिरले आणि लाकडांच्या ढिगामागे लपले. बायका आल्या. छान बोलू लागल्या, अगदी अस्सल! मास्तरांच्या जिवात जीव आला. नीट ऐकू यावं म्हणून ते हळूच पुढं सरकले आणि अंधारात एका मऊ, कोमट गोष्टीवर बसले. ती डेबुसीणबाईंची फुगायला ठेवलेली कणीक होती. आठवडाभराचे आठ पाव.

बाई वळल्या. चेहरा लालबुंद, गाल फुगलेले, ओठ थरथरताहेत. मास्तरांनी पेन्सिल काढली. त्यांच्या डोळ्यांत अक्षरशः आशा होती.

"महोदय," बाई एकेक शब्द दातांखाली धरून म्हणाल्या, "आपण माझ्या कणकेवर स्थानापन्न झाला आहात."

बायका हसून हसून भिंतीला टेकल्या. मास्तर हसले नाहीत. कोटाला लोंबणारी कणीक घेऊन ते घरी गेले आणि त्यांनी हात टेकले. छापखान्याला नकाराचं पत्र लिहिलं. सोमवारी दुपारी ते खोकी रिकामी करून त्यांवर मूळ मालकांची नावं घालत बसले, ज्याची त्याला परत द्यायला. तेवढ्यात दार न वाजवता डेबुसीणबाई आत आल्या. काखेत खोकं होतं.

"अहो मास्तर, काय चालवलंय हे? पसारा बघा! बोक्यानं पण एवढा घातला नसता!"

मास्तरांनी मान वर केली. "बाई... तुम्ही आपल्या बोलीत बोलताय."

"कळतंय मला. शनिवारी पहिली भट्टी माझी. दोन वर्षं तुमच्यासमोर जीभ आवरून माझं पोट फुगलंय. आणि परवा तुम्ही कणकेतून उठलात ना, तेव्हा तुमचं तोंड बघवलं नाही मला." तिनं खोकं टेबलावर आपटलं. "हे घ्या."

आत चिठ्ठ्या होत्या. नीट कापलेल्या, कोपरे सारखे, अक्षर मात्र कोंबडीच्या पायासारखं. शब्द, कोण म्हणालं, कुठं, कोणत्या दिवशी. खाली तिघांची नावं. मास्तरांनी एक उचलली: 'शेंबडं वासरू. रुपेल मास्तरांना. गुत्तेवाला, भट्टीघरात.' दुसरी: 'कानफाट्या उंदीर. रुपेल मास्तरांना. पाद्रीणबाई, चर्चच्या मागे.' तिसरी, चौथी, दहावी. सगळ्या त्यांच्याच नावानं.

"तीनशे बारा आहेत," बाई म्हणाल्या. "तुम्हाला वाटलं गाव मुकं झालं? दर शनिवारी तुमच्यावरच बोलत होतो. असं भांडार वाया जातंय हे बघवेना, म्हणून लिहीत गेले."

"पण ही नावं छापली तर पुन्हा नऊ फिर्यादी!"

"काहीतरीच! हे तुमच्याबद्दल आहे ना? याला कोण हरकत घेणार? नगराध्यक्ष स्वतः येऊन दोन लिहून गेले. म्हणाले, नाव ठळक येऊ दे."

मास्तर वाचत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि खांदे हसण्यानं गदगदत होते. 'सडक्या बटाट्या'ला तर त्यांनी मोठ्यानं दाद दिली. उरलेल्या सगळ्या अक्षरांची तूट त्यात भरून निघत होती. कोश वाचला होता, आणि आपल्याला उंदीर म्हणणाऱ्या गावाबद्दल इतकं प्रेम त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. नकाराचं पत्र त्यांनी चुलीत घातलं.

तळाशी एक चिठ्ठी उरली. ती वाचून मास्तरांचे कान लाल झाले. तो शब्द शिवीचा नव्हता. हाइनबाखच्या बायका तो फार क्वचित, आणि दार लावून वापरतात. खाली लिहिलं होतं: 'रुपेल मास्तरांबद्दल. डेबुसीण. स्वतःच्या स्वयंपाकघरात, शनिवारी, परातीतली कणीक खरवडताना. ऐकणारे: मांजर.'

"बाई," मास्तर घसा साफ करून म्हणाले, "याला... साक्षीदार पुरेसे नाहीत."

"नियम मला ठाऊक आहे," बाई एप्रनला हात पुसत म्हणाल्या आणि निघून गेल्या.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी गावातला पहिला धूर भट्टीचा होता. बायका पावाच्या टोपल्या घेऊन आल्या तर डेबुसीणबाई विस्तव फुंकत होत्या आणि मास्तर, छातीपर्यंत लाकडं धरून, दारात उभे होते.

"बाई," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ती शेवटची चिठ्ठी. पुन्हा म्हणाल का?"

डेबुसीणबाईंनी खाटकिणीकडे पाहिलं, पाद्रीणबाईंकडे पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून तो शब्द अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या की चौकातली कबुतरं उडाली. खाटकीण, पाद्रीणबाई आणि स्वतः मास्तर: तीन पूर्ण झाले.

मास्तरांचे दोन्ही हात लाकडांत अडकले होते. म्हणून चिठ्ठी बाईंनीच लिहिली.