बासरी कुठं सुरू होते

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून मला कधी साधी विडी लपवता आली नाही, तेव्हा बघा. तुम्ही म्हणाल, एवढं काय केलंस बाबा? खून केलास की दरोडा घातलास? तसलं काही नाही. मी एकदा बोट वर केलं. बस. पण असं सांगितलं की ते फार बारीक दिसतं, आणि बारीक दिसावं म्हणूनच मी इतकी वर्षं ते स्वतःला असंच सांगत आलो. आता नीट सांगतो.

बाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. नगरला आमचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं, वडिलांनी टाकलेलं. लग्न, जावळ, जत्रा, निवडणूक — कर्णे बांधायचे, तबकड्या लावायच्या, दुसऱ्या दिवशी सगळं सोडून आणायचं. वसंता माझा शाळेपासूनचा दोस्त. नागापूरला एमआयडीसीत पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला होता आणि लग्नसराईत चुलत्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. वाजवायचा म्हणजे काय सांगू? नवरदेवाचा घोडा पुढं निघून जायचा आणि वरात मागं वसंताभोवती उभी राहायची. नवरदेवाचे मामे शिव्या घालत माघारी यायचे आणि तेही ऐकत थांबायचे.

त्या काळात अरणगावच्या बाजूला, तिथल्या समाधीच्या ओढीनं, गोरी पोरंपोरी येऊन राहायची. लांब केस, अनवाणी पाय, गळ्यात माळा. त्यातलाच एक जण वसंताच्या मावशीकडं खोली घेऊन राहिला होता. वसंता रोज संध्याकाळी त्याच्या दारात उभा राहून रेकॉर्ड ऐकायचा. जाताना त्या बाबानं आपला छोटा प्लेअर आणि एकाच बँडच्या तीन लाँगप्ले रेकॉर्डी वसंताच्या हातात ठेवल्या. म्हणाला, आमच्याकडंसुद्धा यांना कुणी विचारत नाही, तू तरी ऐक. कव्हरच्या पाठीमागं चौघांचा फोटो होता. नाव असल्या वेलांट्या घेत काढलेलं की आम्हाला ते कधी धड वाचता आलं नाही. आम्ही त्यांना ‘ते चौघं’ म्हणायचो आणि रेकॉर्डींना त्यांच्या चित्रांवरून नावं पाडली होती — घोडा, विहीर आणि खुर्ची.

रविवारी दुपारी वसंताच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही तिन्ही लावायचो आणि भांडायचो. माझी बाजू घोड्याची. छोटी छोटी गाणी, ड्रम असा की पत्रा थरथरावा, गिटार तर अंगावरच येते. ‘विहीर’ ही त्यांची दुसरी. तिची एक अख्खी बाजू म्हणजे एकच गाणं. वसंताचा चुलता एकदा ऐकायला बसला आणि वैतागून उठला. म्हणाला, “ह्या गान्याला शेवट हाय का न्हाई? वरातीत लावलं तर नवरानवरी मांडवातच म्हातारी व्हतील!” आणि तिसरी खुर्ची. माळावर ठेवलेली एक रिकामी खुर्ची, एवढंच चित्र. त्यात त्या चौघांचं आपसात काहीतरी बिनसलं असावं असं वाटायचं — जो तो जपून वाजवत होता, दुसऱ्याला धक्का लागू नये असा. मला ती मिळमिळीत वाटायची. वसंता म्हणायचा, “घोडा पळतो, कबूल. पन कुठं जातो त्ये तरी सांग. विहिरीला पानी हाय, पन लई खोल. खुर्चीवर मात्र कोनीतरी बसलं हुतं बापू, आन् आत्ताच उठून गेलंय.” मी म्हणायचो, उगा लई शानपना करू नको. पण तो खरं बोलतोय हे मला कळायचं. तेच तर झोंबायचं.

खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला मध्यावर एक जागा होती. एकेक जण वाजवायचं थांबत जातो. ऑर्गन विरतो. मग काहीच नाही. आणि त्या काहीच-नाहीतून बासरी येते. पण कधी येते ते कळतच नाही. आधी वाटतं, बाहेर वारा सुटलाय. मग वाटतं, भास आहे. आणि मग ती असतेच, केव्हाची असल्यासारखी. आमचा खेळ असा की बासरी ऐकू आली की बोट वर करायचं. वसंताचं बोट नेहमी आधी वर. माझं नेहमी मागून. चिडवायचा मला, “स्पीकरवाल्याचं प्वार आन् कान असलं? बाबांना म्हनावं, किराना टाका!” हसायचो मी. पण आत? आत जळत होतो. आवाजाच्या धंद्यात जन्म माझा आणि कान त्याचे — हा कुठला न्याय, असं वाटायचं. आता सांगतानासुद्धा लाज वाटते, पण वाटायचं.

त्याच सुमाराला पुण्याच्या एका नाटकमंडळीतल्या माणसानं वसंताला एका वरातीत ऐकलं. वादकांत एक जागा होती. दसऱ्यानंतर ये, परीक्षा घेतो, म्हणाला. नुसत्या कानानं सूर ओळखायचा आणि तोच लगेच वाजवून दाखवायचा, अशी परीक्षा. वसंता त्या दिवसापासून जमिनीवर चालत नव्हता. प्रेसवर जाताना दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालायचा आणि म्हणायचा, “कान जपले पायजेत, आता त्येंच्यावरच खायचंय.”

दसऱ्याच्या आधी त्याच्या घरचं एक बारसं निघालं, पुणतांब्याला. जाताना खोलीची किल्ली माझ्याकडं देऊन गेला. उंदीर लई झालेत, जरा जाऊन बघत जा, म्हणाला. आणि मी काय केलं? मी खुर्ची उचलली. मला ती जागा पाठ करायची होती. बासरी नक्की कुठं सुरू होते ते मोजून ठेवायचं आणि येत्या रविवारी त्याच्या आधी बोट वर करायचं. एवढंच! त्याच्याच खोलीत ऐकता आलं असतं, पण शेजारी मावशी. ती सांगणार, तुझा दोस्त एकच जागा पुन्हा पुन्हा लावीत हुता. म्हणून रेकॉर्ड पिशवीत घातली आणि दुकानात नेली.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. दुकानातल्या मशीनला सुया दोन असायच्या. सुईच्या दांडीच्या टोकाशी एक बारीक चावी. ती एका बाजूला फिरवली की जुन्या जाड तबकड्यांची सुई खाली यायची, दुसऱ्या बाजूला फिरवली की लाँगप्लेची. लग्नात सगळ्या जाड तबकड्या, म्हणून चावी कायम तिकडंच. सुईही झिजून पार बोथट झालेली. लाँगप्लेवर ती सुई ठेवायची नाही, हे आमच्या दुकानात लहान पोरालाही ठाऊक होतं. मी पाहिलंच नाही. वडील यायच्या आत उरकायचं होतं. ती एवढी जागा मी पुन्हा पुन्हा लावली. आवाज खरखरीत येत होता तर म्हटलं, स्पीकर खराब असेल. शेवटी रेकॉर्ड उचलून उजेडात धरली. काळ्याभोर तबकडीवर करड्या रंगाचा एक पट्टा उमटला होता. बरोबर त्याच जागी. बाकी रेकॉर्ड चकचकीत, नवीकोरी. फक्त बासरी जिथं सुरू होते तेवढंच मी खरवडून काढलं होतं.

मग मी त्यावर खोबरेल तेलाचं बोट फिरवलं. करडेपणा दिसेनासा झाला. रेकॉर्ड होती तिथं नेऊन ठेवली, वर उंदरांसाठी सापळाही लावला. किती चांगला दोस्त, नाही का?

वसंता आला त्या रविवारी आम्ही बसलो. खुर्ची बाहेर काढताना त्यानं वास घेतला आणि म्हणाला, “बापू, हिला तुझ्या डोस्क्याचा वास येतोय की रं!” मी हसलो. सुई ठेवली. एकेक जण वाजवायचं थांबला. ऑर्गन विरला. आणि मग नुसती बारीक खरखर, वाऱ्यासारखी. वसंता डोळे मिटून बसला होता, बोट तयार. बासरी येईना. मला जागा आता पाठ होती. मला काही — काही म्हणजे काहीच — ऐकू येत नव्हतं. आणि मी बोट वर केलं.

का केलं? भीतीनं, असं म्हणायला आवडेल मला. पण खरं सांगायला बसलोय तर सांगतो — वसंतानं डोळे उघडले, माझं वर झालेलं बोट पाहिलं, आणि त्याचा चेहरा असा उतरला की एक क्षण मला बरं वाटलं. जिंकल्यासारखं वाटलं. खरवडलेला पट्टा सरून बासरी चांगली मोठी झाली तेव्हा कुठं त्याचं बोट वर आलं. “तुला मघाशीच आली व्हय?” त्यानं विचारलं. व्हय की, मी म्हणालो.

त्यातून मग सुटकाच नव्हती. पुढच्या रविवारी तो प्लेअरला चिकटून बसला. त्याच्या पुढच्या रविवारी एक कान झाकून, मग दुसरा झाकून. दर वेळी माझं बोट वर, आणि तो माझ्याकडं बघत राहायचा. जायचं टाळावं तर वाटे, संशय येईल. जावं तर बोट वर करायचं. एकदा म्हणाला, “बाकी समदं येतं रं ऐकू. फकस्त बारीक तेवढं न्हाई येत.” आणि मी, या तोंडानं, काय बोलावं? बहिरेपणाची सुरुवात अशीच होते म्हणतात, असं बोललो.

प्रेसवरची जुनी माणसं त्यानं रोज पाहिलेली. शेजारी उभं राहून हाक मारली तरी वळून न बघणारी. त्याला पटायला कितीसा वेळ लागणार होता? पुण्याला जायच्या आदल्या दिवशी तो दुकानात आला. वडील आत होते म्हणून मला बाजूला घेऊन म्हणाला, “शपत घे. तुला खरंच येती ना ऐकू?” नाही म्हणावं, तर तो रेकॉर्ड उन्हात धरून पाहणार. मग किल्ली, पिशवी, तेल, सगळंच बाहेर. मी गळ्याला हात लावला आणि म्हणालो, येती की, पहिल्यासारखीच. “मंग माझंच गेलं,” वसंता म्हणाला. पुण्याला तो गेला नाही. तिथं चार लोकांपुढं हसं करून घ्यायचं नव्हतं त्याला. क्लॅरिनेट चुलतभावाला देऊन टाकली.

आणि एका रविवारी आपणहून म्हणाला, “तुझंच खरं बापू. घोडाच भारी. निदान समदा ऐकू तरी येतो.” इतके रविवार भांडून मी जिंकलो होतो.

इथंच संपलं असतं तरी मी कदाचित गप्पच बसलो असतो. पण वसंता प्रेसवरच राहिला, रिटायर होईपर्यंत. आणि कानांत कापूस घालायचं त्यानं सोडून दिलं. मी एकदा विचारलं तर म्हणाला, गेलेल्या कानाला कापूस कशाला? चांगले होते त्याचे कान. नगर जिल्ह्यात तसले कान नव्हते. ते त्या प्रेसनं हळूहळू खाल्ले, आणि ते उघडे ठेवायला त्याला मी लावलं. माझं खोटं त्यानं असं खरं करून दिलं.

आता त्याला ढग गडगडले तरी कळत नाही. सांगायचं तर ओरडून सांगावं लागेल, असं मी स्वतःला म्हणतो. पण त्याच्या घरात पाटी आहे. नातवंडं तिच्यावर लिहून त्याच्याशी बोलतात, मीही लिहितो — चहा झाला का, गुडघा कसा आहे. खडू माझ्या हातातच असतो.

रविवारी मी अजून जातो. तो खुर्ची काढतो, वाजून वाजून आता सगळीच करडी झालेली, फडक्यानं पुसतो आणि मला लावायला देतो. मग माझ्यासमोर बसतो. रेकॉर्डकडं बघत नाही, माझ्या हाताकडं बघतो. बासरी कुठं सुरू होते ते त्याला माझ्याकडून हवं असतं. माझ्या कानांवर त्याचा भरवसा आहे. नुसती खरखर चाललेली असते. मी बोट वर करतो. तो डोळे मिटतो आणि मान हलवत ऐकत राहतो.

गेल्या रविवारीही केलं.