केसांमागची धाकटी

धाकटे,

पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारायची असते. ती सोय तू ठेवली नाहीस, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. हे इतरही वाचतील, तेव्हा तुला पाठ असलेल्या गोष्टीही लिहाव्या लागणार. नाक मुरडू नकोस.

छत्तीस वर्षं तू मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढलीस. जिन्याखालची बिनखिडकीची खोली, एक टेबल, एक कुरकुरणारा पंखा आणि कानाला हेडफोन. डॉक्टर, नर्सेस, घाबरलेले नातेवाईक, सगळ्यांना तू आवाजावरून ठाऊक. निवृत्तीच्या दिवशी मुख्य डॉक्टर पुष्पगुच्छ घेऊन आले आणि तुझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या हातात देऊन मोकळे झाले. तू घरी येऊन ते हसत हसत सांगितलंस, म्हणून मीही हसले. माझंही तेव्हा डोकं फिरलं होतं बहुतेक.

लग्न दोघींनीही केलं नाही. मला करायचं नव्हतं म्हणून आणि तुला कोणी धड विचारलं नाही म्हणून. मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवली, तू फोन जोडलेस, आणि पुढे दोन खोल्यांत दोघी एकमेकींच्या चुका काढत राहिलो. बरं चाललं होतं.

मग वरच्या मजल्यावरची मुलगी आली. सिनेमाच्या कोर्सचं शेवटचं वर्ष. दहा मिनिटांची फिल्म करून दाखवायची होती.

"मोठ्या आजी, भयपट करतेय. भुताच्या कामाला एक आजी हवीय."

"मला वेळ नाही," मी म्हटलं.

आतून तुझा आवाज आला, "मला आहे."

त्या दिवसापासून तू माझं डोकं खाल्लंस. फिल्म कशावर आहे, संवाद किती, यातलं काही तू विचारलं नाहीस. तुझा प्रश्न एकच. "ताई, सिनेमाचं पोस्टर असतंच ना? त्यावर माझा चेहरा येईल ना? नीट, समोरून?"

"भुताचा चेहरा डोंबलाचा नीट असतो?" मी म्हणायची. तरी तू वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, पार्लरमध्ये जाऊन भुवया कोरून आलीस. डोळ्यांत पाणी आणि चेहऱ्यावर अशी ऐट की मला बोलवेना.

शूटिंग आपल्याच बाहेरच्या खोलीत झालं. सकाळचे अकरा वाजलेले, पण खिडक्यांना काळे कागद चिकटवून मुलांनी रात्र करून ठेवली होती. आपला सोफा पॅसेजमध्ये काढलेला. मी त्यावर पेपर घेऊन बसले होते आणि पेपर अजिबात वाचत नव्हते. गोष्ट साधी होती: रिकाम्या घरात तार तुटलेला फोन वाजत राहतो आणि त्याच्यामागे एक म्हातारी येऊन उभी राहते. फक्त उभी राहते. एवढंच तुझं काम.

तू पांढऱ्या गाऊनमध्ये, केस मोकळे सोडून, सावकाश आलीस. फोन वाजला. तू पटकन रिसीव्हर उचललास. "नमस्कार, कोणता विभाग हवाय?"

"कट. छोट्या आजी, तुम्ही भूत आहात. भूत फोन घेत नाही."

"अगं पण वाजतोय ना."

दुसऱ्या टेकला तेच. तिसऱ्याला तू निदान ओशाळलीस. "हात आपोआप जातो गं. तीन रिंगांच्या वर वाजू द्यायचा नाही, असा नियम होता आमचा."

"मेल्यावर तरी नियम सोडा, आजी," कॅमेरावाली म्हणाली आणि सगळी पोरं लोळायला लागली. तूही. चौथ्या वेळी तू हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहिलीस, आणि रिंग वाजल्यावर तुझी बोटं मागच्या मागे अशी वळवळली की ते पाहून मला पेपर तोंडासमोर धरावा लागला.

पण पोरगी हुशार. पहिल्या तीन टेकमधला एक टेक तिने काढून टाकला नव्हता. त्यात तू पुढे म्हणाली होतीस, "थांबा, जोडून देते." काळ्या पडद्यावर फोनची रिंग, मग ती थांबून तुझा तो मऊ, अदबशीर आवाज. बस, ट्रेलर तयार. वीस सेकंदांचा. कॉलेजभर फोनवरून फिरला. ऐकून माझ्याही अंगावर काटा आला, आणि मी तर तुझा आवाज रोज भांडणात ऐकत होते.

पोस्टरवरही तेच शब्द होते, पांढऱ्या अक्षरांत. वर एक बाई उभी, केस कमरेपर्यंत पुढे सोडलेले, चेहरा पूर्ण झाकलेला.

आता जे तुला ठाऊक नाही ते लिहिते. पोस्टरचे दोन नमुने होते. छापायला देण्याआधी मुलीने ते मला लॅपटॉपवर दाखवले होते. एकात तुझा चेहरा होता, भुवयांसकट. "मोठ्या आजी, खरं सांगा, कुठलं?" मी दोन सेकंदही घेतले नाहीत. "हिचा चेहरा बघून कोण घाबरणार? लहान मुलं मांडीवर येऊन बसतील. केस असलेलंच घे." उत्तर बरोबर होतं, ते आजही मी बदलणार नाही. पण तुला काय हवंय ते मला माहीत होतं आणि त्या क्षणी मला ते आठवलंसुद्धा नाही. आयुष्यभर बरोबर उत्तराला मार्क दिले की असं होतं.

कॉलेजच्या सभागृहात दुपारी तीनला फिल्म दाखवली. टाळ्या जोरात पडल्या. बाहेर दारापाशी पोस्टर लावलं होतं, तिथे तू जाऊन उभी राहिलीस, केस आवरून, पर्स धरून. मला कळत होतं कशासाठी ते. कोणीतरी पोस्टरकडे बघेल, मग तुझ्याकडे बघेल. एक मुलगी मैत्रिणींना घेऊन आलीही.

"आजी, जरा बाजूला होता का? आम्हाला भुताबरोबर फोटो काढायचाय."

तू बाजूला झालीस.

परतताना बसमध्ये तू म्हणालीस, "आवाज चांगला आलाय ना?"

"उत्तम."

दोन स्टॉप गेल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "आवाज काय, तो लोकांनी ऐकलाच होता."

वरच्या मुलीच्या लक्षात आलं असावं. तिने चेहऱ्याचा नमुना मोठा करून कोपऱ्यावरच्या छपाईच्या दुकानात टाकला, फक्त तुझ्यासाठी, एकच प्रत, आणि पावती तुला आणून दिली. तुला खोकला झाला होता. तू म्हणालीस, "ताई, बाहेर जाशील तेव्हा तेवढं पोस्टर आण. आधी उघडून बघू नकोस मात्र. दोघी मिळून बघू."

"आणते," मी म्हटलं.

सोमवारी त्यांचं मशीन बंद होतं. मंगळवारी माझा गुडघा. बुधवारी हातात भाजीच्या दोन पिशव्या होत्या, गुंडाळी कुठे धरू? गुरुवारी तू विचारलंस, "आणलंस?" मी म्हटलं, "पळून जातंय का ते?" शुक्रवारी तुझा खोकला छातीत उतरला आणि तुला तुझ्याच इस्पितळात नेलं. शनिवारी वॉर्डात विचारायला घरून फोन लावला, तर यंत्र बोलायला लागलं. अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा. नऊपर्यंत ऐकत राहिले. रविवारी तू गेलीस.

याला चार महिने झाले. दुकानदार आता मला लांबून ओळखतो. "आजी, तुमची गुंडाळी पडलीय," म्हणतो. मी म्हणते, "येते." वरची मुलगी म्हणाली, मी आणून देऊ का? मी तिला सांगितलं, काम मला सांगितलंय. आवाज माझ्याकडे आहे. फोनवर ट्रेलर लावला की वीस सेकंद तू असतेस, जोडून देते म्हणतेस, आणि पुढे काही जोडलं जात नाही.

पावती पर्समध्ये आहे, चष्म्याच्या नंबराच्या कागदामागे. काल कोपऱ्यापर्यंत गेले होते. दुकान उघडं होतं, मशीनही चालू होतं. दूध घेतलं आणि घरी आले.